पेट्रोलच्या पोटातील बेंझिनचा माग

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२५ मध्ये मोटारींच्या पेट्रोलचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. त्यापूर्वी पेट्रोलची नोंद केवळ ‘शक्यता आहे’ अशा गटात होती. मूत्राशयाचा कर्करोग आणि प्रौढांमधील तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, या दोन व्याधींशी पेट्रोलचा संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध झाल्याचे या संस्थेच्या तज्ज्ञगटाने म्हटले. पेट्रोलमधील एका घटकाने, म्हणजे बेंझिनने, हे स्थान कित्येक दशकांपूर्वीच मिळविले होते.

या बेंझिनमुळेच भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलवर एक मर्यादा आहे. पेट्रोलच्या आकारमानात बेंझिनचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. नियम एका ओळीचा आहे. परंतु त्याची अंमलबजावणी करायची म्हणजे शेकडो रंगहीन, एकमेकांसारख्याच दिसणाऱ्या आणि परस्परांत पूर्णपणे मिसळलेल्या द्रवांमधून एक नेमका द्रव हुडकून त्याचे मोजमाप करायचे. हे काम प्रयोगशाळा कशी करते आणि तिने दिलेल्या आकड्यावर किती विसंबावे, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्रज्ञांचा नाही. पंपावर दिवसाचे आठ-दहा तास उभ्या असणाऱ्या कर्मचाऱ्याचा आणि तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबाचाही तो प्रश्न आहे.

षट्कोनी रेणूंचे कूळ

खनिज तेल हे प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण होय. या संयुगांची ढोबळ कुळे पाडता येतात. सरळ किंवा फांद्या फुटलेल्या साखळ्यांची पॅराफिने, कड्यांच्या आकाराची नॅप्थीने, शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत तयार होणारी ऑलिफिने आणि ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने. यांतील शेवटच्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे बेंझिन. सहा कार्बन अणूंचे षट्कोनी कडे आणि प्रत्येक कार्बनला जोडलेला एक हायड्रोजन, अशी त्याची रचना. मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये लंडनमध्ये दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दाबाखालील वायूच्या नळकांड्यांत साचलेल्या तेलकट द्रवातून ते प्रथम वेगळे केले. या कड्याला एक मिथिल गट जोडला की टोल्यूइन होते, दोन जोडले की झायलीन. दोन कडी एकमेकांना चिकटली की डांबराच्या गोळ्यांतून सर्वांच्या परिचयाचे झालेले नॅप्थॅलीन बनते. पुढे तीन, चार, पाच कड्यांची संयुगे येतात.

या कुळाची एक ओळख आपल्याकडील जुन्या पिढीला स्वयंपाकघरातच झाली होती. रॉकेलच्या दिव्याची वात थोडी वर केली की काच काळी पडते. रॉकेलमध्ये ॲरोमॅटिक घटक जितके अधिक, तितकी ही काजळी लवकर धरते. कार्बनच्या मानाने हायड्रोजन कमी असल्यामुळे हे घटक जळताना धूर करतात. धूर न होता ज्योत किती मिलिमीटर उंच जाऊ शकते, हे मोजणारी ‘धूरबिंदू’ नावाची चाचणी आजही रॉकेल आणि विमानाच्या इंधनासाठी वापरली जाते. मुंबई हाय क्षेत्रातील तेलापासून मिळणाऱ्या रॉकेलमध्ये ॲरोमॅटिक अंश तुलनेने अधिक असतो. ते घरगुती वापरास योग्य व्हावे, यासाठी द्रावकाच्या साहाय्याने हा अंश काढून टाकण्याची प्रक्रिया करावी लागत असे.

शिसे गेले, प्रश्न उरला

रॉकेलमध्ये जे नकोसे, तेच पेट्रोलमध्ये हवेसे ठरते. ॲरोमॅटिक संयुगांचा ऑक्टेन अंक शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे इंजिनातील धडधड, म्हणजे ‘नॉकिंग’, टळते. विसाव्या शतकात हे काम बहुतांशी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने केले. शिशाचे दुष्परिणाम, विशेषतः मुलांच्या मेंदूवरील, निर्विवाद ठरल्यानंतर जगभर ते हद्दपार होऊ लागले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले.

शिशाची जागा भरून काढण्याचा एक प्रमुख मार्ग ‘कॅटॅलिटिक रिफॉर्मिंग’ हा होता. प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावरून सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाला नॅप्था नेला असता त्यातील कड्यांच्या संयुगांतून हायड्रोजन निघून जातो आणि ॲरोमॅटिक संयुगे तयार होतात. ऑक्टेन वाढतो, मात्र त्यासोबत बेंझिनही वाढते. एका विषाला दूर करताना दुसऱ्याला वाट मोकळी होऊ नये, म्हणून मर्यादा घालणे क्रमप्राप्त झाले. शिसेमुक्तीच्या सुरुवातीच्या काळात भारतात बेंझिनची मर्यादा महानगरांसाठी ३ टक्के आणि इतरत्र ५ टक्के होती. भारत स्टेज तीनचे निकष २०१० मध्ये देशभर लागू झाले, तेव्हा ती १ टक्क्यावर आली. एकूण ॲरोमॅटिक घटकांवरही ४२ टक्क्यांची मर्यादा आली आणि भारत स्टेज चारमध्ये ती ३५ टक्के झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या भारत स्टेज सहाच्या निकषांतही हे दोन्ही आकडे कायम आहेत.

बेंझिन घातक असेल तर टोल्यूइन, झायलीन यांच्या बेरजेवरही बंधन कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंजिनात आहे. ज्वलन अपुरे राहिले तर टोल्यूइन व झायलीन यांच्या कड्यांना जोडलेले मिथिल गट गळून पडतात आणि नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या धुरात नव्याने बेंझिन तयार होते. म्हणजेच टाकीत न भरलेले बेंझिनही हवेत जाऊ शकते. यास्तव दोन आकडे स्वतंत्रपणे मोजावे लागतात: एकट्या बेंझिनचा आणि संपूर्ण कुळाचा.

सरासरी फसवी असते

पेट्रोल तपासण्याच्या सोप्या पद्धती ग्राहकाच्या हाती आहेतच. पंपावर घनता तपासून मागण्याचा त्याला अधिकार आहे. पंपावर नोंदविलेल्या घनतेशी तुलना करता १५ अंश सेल्सिअसला काढलेला आकडा घनमीटरमागे ३ किलोपेक्षा अधिक वर-खाली होता कामा नये. गाळणकागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब साधारण दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. या चाचण्या उपयुक्त आहेत आणि त्या करून घ्याव्यात. रॉकेलसारखे जड तेल मिसळलेले असल्यास कागदावर डाग राहतो, तसेच ऊर्ध्वपातनात पेट्रोलचा शेवटचा अंश अधिक तापमानाला उकळतो. नियमानुसार हे तापमान २१० अंशांच्या पुढे जाता कामा नये.

परंतु घनता ही सरासरी असते आणि कोणत्याही सरासरीप्रमाणे ती घटकांविषयी मौन पाळते. हलक्या नॅप्थ्याची घनता पेट्रोलपेक्षा कमी, तर टोल्यूइनसारख्या ॲरोमॅटिक द्रावकाची घनमीटरमागे सुमारे ८७० किलो, म्हणजे पेट्रोलपेक्षा बरीच अधिक. एक हलके आणि एक जड अशा दोन द्रवांची बेरीज पेट्रोलच्या घनतेच्या कक्षेत अगदी बिनबोभाट बसू शकते. दोन्ही द्रव उडनशील असल्याने कागदावर डागही राहत नाही. ऑक्टेन अंकाचीही तीच गत, कारण ॲरोमॅटिक द्रावकाने तो उलट वाढतो. चाचणीत नमुना उत्तीर्ण होतो आणि बेंझिन किती, हे मात्र कळतच नाही.

इंधनातील भेसळ हा महाराष्ट्रात केवळ ग्राहकहिताचा मुद्दा राहिलेला नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाचा काळाबाजार रोखण्यासाठी गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून ठार मारण्यात आले. भेसळीमागे किती मोठे अर्थकारण उभे असते, हे त्या घटनेने राज्याला दाखविले. न्यायालयात टिकेल असा पुरावा उभा करायचा तर सरासरीवर भागत नाही. मिश्रणाचे घटक सुटे करून दाखवावे लागतात.

प्रकाशाची साक्ष

रेणू ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच्यावर प्रकाश टाकून कोणता प्रकाश तो गिळतो ते पाहणे. यालाच वर्णपटमापन म्हणतात. या बाबतीत ॲरोमॅटिक कूळ विशेष बोलके आहे. षट्कोनी कड्यातील इलेक्ट्रॉन संपूर्ण कड्यावर पसरलेले असल्यामुळे ते अतिनील प्रकाश शोषतात. बेंझिन २५५ नॅनोमीटरच्या आसपास, दोन कड्यांचे नॅप्थॅलीन २७५ च्या आसपास, तर तीन कड्यांचे अँथ्रासीन ३४० ते ३७५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश टिपते. कडी वाढतात तशी तरंगलांबी वाढत जाते. पॅराफिने मात्र या साऱ्या पट्ट्यात पारदर्शक राहतात. अनेक कड्यांची संयुगे शोषलेला प्रकाश निळसर-पिवळ्या चमकेच्या रूपाने परतही देतात. तेलविहीर खोदताना वर येणाऱ्या दगडाच्या तुकड्यांवर अतिनील दिवा धरून तेलाचा अंश ओळखण्याची भूवैज्ञानिकांची जुनी पद्धत याच गुणधर्मावर उभी आहे.

अवरक्त प्रकाशाची तऱ्हा वेगळी. तो रेणूतील बंधांची थरथर टिपतो. बेंझिनच्या कड्यावरील सहाही हायड्रोजन एकदम कड्याच्या प्रतलाबाहेर डोलतात, तेव्हा तरंगसंख्येच्या मोजपट्टीवर सुमारे ६७५ प्रति सेंटिमीटर येथे ठळक शोषण दिसते. या पट्ट्याची तीव्रता मोजून पेट्रोलमधील बेंझिन काही मिनिटांत सांगणारी उपकरणे आहेत. ती सहज हलविता येतात आणि नमुना जाळावा किंवा तोडावा लागत नाही. अणुचुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, ही तिसरी पद्धत ॲरोमॅटिक कड्यावरील हायड्रोजन अणू इतर हायड्रोजनांपासून वेगळे ओळखते आणि मिश्रण न फोडता संपूर्ण कुळाचा अंदाज देते.

तथापि प्रकाशाची साक्षही निर्दोष नसते. टोल्यूइनचे शोषण ६९४ आणि ७२९ प्रति सेंटिमीटर येथे येते, म्हणजे बेंझिनच्या अगदी शेजारी. पेट्रोलमध्ये टोल्यूइनचे प्रमाण बेंझिनच्या कित्येक पट असते. मोठ्या टेकडीच्या उतारावर लहान उंचवटा असावा, तशी बेंझिनची खूण टोल्यूइनच्या सावलीत उभी राहते. गणिती दुरुस्त्या करून ती सुटी करता येते, पण नमुन्याची घडण नेहमीपेक्षा वेगळी असेल तर दुरुस्तीही चुकते. अतिनील वर्णपटात तर एक कड्याची सारी संयुगे एकमेकांवर इतकी चढलेली असतात की त्यांतून एकट्या बेंझिनचा आकडा काढणे जवळपास अशक्य होते. साक्षीदार अनेक असतील आणि सारे एकाच वेळी बोलू लागले तर काय ऐकू येणार? त्यांना एकेक करून पुढे बोलवावे लागते.

आधी वेगळे करा

मिश्रण वेगळे करण्याच्या शास्त्राचा पेट्रोलियमशी संबंध फार जुना आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक डेव्हिड टॅलबट डे यांनी १८९७ मध्ये, मुलतानी मातीसारख्या बारीक मातीच्या थरातून खनिज तेल झिरपू दिले असता त्याचे वेगवेगळे अंश पडतात, हे मांडले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्ये अशाच प्रकारे काचेच्या नळीत सुटी करून दाखविली आणि त्या तंत्रालाच पुढे वर्णलेखन, अर्थात क्रोमॅटोग्राफी, हे नाव मिळाले. तत्त्व साधे आहे. नळीतील स्थिर पदार्थाला जो रेणू अधिक चिकटतो तो मागे राहतो. जो कमी चिकटतो तो पुढे निघून जातो.

१९५० च्या दशकापासून पेट्रोल प्रयोगशाळांत रूढ झालेली एक पद्धत याच तत्त्वावर चालते. सिलिका जेल भरलेल्या उंच, अरुंद काचनळीच्या माथ्यावर एक मिलिलिटरहूनही कमी पेट्रोल सोडतात आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते खाली रेटतात. सिलिकाला ॲरोमॅटिक घटक सर्वाधिक चिकटतात, ऑलिफिने त्याहून कमी आणि पॅराफिने सर्वांत कमी. जेलमध्ये मिसळलेली खास रंगद्रव्ये आपापल्या कुळासोबत प्रवास करतात. अतिनील दिवा लावला की ऑलिफिनांचा पट्टा पिवळा आणि ॲरोमॅटिकांचा गडद निळा चमकतो. तंत्रज्ञ पट्टीने त्या पट्ट्यांची लांबी मोजतो आणि त्यावरून टक्केवारी काढतो. येथे वेगळे करणे आणि प्रकाशाची साक्ष ही दोन्ही कामे एकाच काचनळीत होतात.

या पद्धतीने अनेक दशके जगभरचा व्यवहार सांभाळला. मात्र २०१८ च्या सुमारास एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. जेलमध्ये घातल्या जाणाऱ्या रंगद्रव्यातील एक घटक मिळेनासा झाला आणि नव्या खेपेतील जेलमध्ये ॲरोमॅटिकांची सीमारेषा नीट उमटेना. अब्जावधी लिटर इंधनाच्या प्रमाणपत्रामागे एका रंगाची चिमूट उभी होती, हे त्या निमित्ताने उद्योगाच्या ध्यानी आले आणि पर्यायी पद्धतींच्या स्वीकाराला वेग आला.

नळीतील शर्यत

या पद्धतीतून कूळ कळते, कुळातील व्यक्ती कळत नाही. बेंझिनचा स्वतंत्र आकडा देण्याचे काम वायू वर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, करते. आर्चर मार्टिन आणि ए. टी. जेम्स यांनी १९५२ मध्ये हे तंत्र प्रत्यक्षात आणले. त्याच वर्षी मार्टिन यांना रिचर्ड सिंज यांच्यासमवेत वर्णलेखनातीलच आधीच्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. यात नमुन्याची वाफ हेलियम किंवा हायड्रोजनसारख्या वायूच्या प्रवाहाबरोबर एका केशनलिकेतून पाठवितात. केसासारखी बारीक ही नळी तीस मीटर, तर कधी शंभर मीटर लांब असते आणि तिच्या आतील भिंतीवर द्रवाचा पातळ थर असतो. प्रत्येक घटक या शर्यतीत आपल्या वेळेला शेवटची रेषा ओलांडतो.

सर्वसाधारण नळीत हा क्रम साधारणतः उत्कलनबिंदूनुसार लागतो. बेंझिन ८०.१ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच सुमारास उकळणारी पॅराफिने व नॅप्थीने पेट्रोलमध्ये विपुल असतात. गर्दीत बेंझिन हरवून जाण्याची भीती असते. त्यावर योजलेली युक्ती मोठी सुरेख आहे. नळीच्या आत सायनो गट असलेल्या अतिध्रुवीय द्रवाचा लेप देतात. या लेपाला ॲरोमॅटिक कड्याची ओढ असते, पॅराफिनांची नसते. परिणामी २०० अंशांच्या आसपास उकळणारी जड पॅराफिनेही ८० अंशांना उकळणाऱ्या बेंझिनच्या आधी नळीबाहेर पडतात आणि बेंझिन एकटे मागे उरते. आधुनिक पद्धतीत अशा दोन प्रकारच्या नळ्या जोडलेल्या असतात. पहिलीने ॲरोमॅटिकांना रोखून धरायचे आणि मग झडप फिरवून त्यांना दुसरीत पाठवायचे, तेथे बेंझिन, टोल्यूइन, झायलीन एकामागून एक सुटे होतात.

नळीच्या टोकाशी कोणता पहारेकरी बसवायचा, हा पुढचा प्रश्न. हायड्रोजनच्या ज्योतीत घटक जाळून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारा शोधक सर्वाधिक प्रचलित आहे. तो प्रमाण उत्तम सांगतो. पण समोर आलेला रेणू कोण, हे त्याला कळत नाही. तो फक्त वेळ पाहतो. त्या वेळेला दुसराच कोणी आला तरी तो त्याची नोंद बेंझिन म्हणूनच करील. वस्तुमान वर्णपटमापक ही उणीव भरून काढतो. तो रेणू फोडून त्याचे वजन करतो. बेंझिनची खूण ७८, टोल्यूइनची ९१ व ९२. अचूकतेसाठी नमुन्यात ज्याचे सर्व हायड्रोजन जड आहेत असे, ८४ वजनाचे बेंझिन मोजून मिसळतात. हे जुळे भावंड प्रत्येक पायरीवर खऱ्या बेंझिनसारखेच वागते आणि केवळ वजनाने वेगळे ओळखू येते; त्यामुळे वाटेत झालेली घट दोघांचीही सारखीच असते आणि हिशेबातून आपोआप निघून जाते.

अलीकडचा पर्याय म्हणजे निर्वात अतिनील वर्णपटमापन. सुमारे १२५ ते २४० नॅनोमीटरच्या या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक रेणू प्रकाश शोषतो आणि प्रत्येकाच्या शोषणाचा आकार निराळा असतो. १९० नॅनोमीटरच्या खाली हवेतील प्राणवायूच प्रकाश गिळत असल्याने मार्गातील हवा काढून टाकावी लागते. दोन घटक एकाच वेळी नळीबाहेर आले तरी त्यांच्या वर्णपटांच्या आकारावरून संगणक त्यांचे वाटे वेगळे करतो. २०१७ मध्ये पेट्रोलसाठी अशा पद्धतीचे अमेरिकी मानक निघाले. काचनळीत एकत्र आलेल्या दोन जुन्या तत्त्वांचा हा नवा संसार होय.

इथेनॉलने घातलेला पेच

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना जवळचा असलेला इथेनॉल येथे वेगळ्या रूपात भेटतो. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक असल्याने तो ॲरोमॅटिक घटकांची काही गरज भागवू शकतो आणि मिश्रणातील बेंझिनही त्या प्रमाणात विरळ होते. ही जमेची बाजू झाली. परंतु चाचणीच्या टेबलावर तो अडचणीही आणतो. काचनळीच्या पद्धतीत इथेनॉल सिलिकाला इतका चिकटतो की त्याची मोजदादच होत नाही. त्याचे प्रमाण वेगळ्या पद्धतीने काढून हिशेबात घ्यावे लागते. बेंझिन मोजण्याच्या वायू वर्णलेखनाच्या एका जुन्या आणि प्रचलित पद्धतीत तर इथेनॉल बेंझिनपासून पुरेसा सुटा होत नसे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल नसण्याच्या काळात ही त्रुटी जाणवली नव्हती. इंधन बदलले तशा नळ्या आणि मानके बदलावी लागली. इंधनाचे धोरण बदलताना मोजण्याची पद्धतही नव्याने पारखावी लागते, हा यातील बोध आहे.

डिझेल आणि किनाऱ्यावरील डांबरगोळे

डिझेलमध्ये बेंझिन नगण्य असते. तेथे चिंता असते ती दोन-तीन कड्यांच्या संयुगांची, कारण त्यांच्यापासून काजळीचे कण बनतात. ही संयुगे जड असल्याने द्रव वर्णलेखनाचा आधार घेतात. अमिनो गटांचा लेप असलेल्या नळीतून डिझेल नेले की एक, दोन आणि तीन कड्यांची कुळे क्रमाने बाहेर येतात. युरोपीय मानकात अशा बहुचक्रीय ॲरोमॅटिकांची मर्यादा वजनाने ८ टक्के आहे.

हीच साधने समुद्रकिनाऱ्यावरही कामाला येतात. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात गोवा व कोकणच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात, हे किनारपट्टीच्या वाचकांना ठाऊक आहे. सांडलेल्या तेलातील बेंझिन, टोल्यूइन लवकर उडून जातात. परंतु फेनँथ्रीन, डायबेंझोथायोफीन यांसारखी अनेक कड्यांची संयुगे टिकून राहतात आणि त्यांची परस्परांतील प्रमाणे त्या-त्या तेलाची ओळख जपतात. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अशा रासायनिक ठशांच्या आधारे गोळ्यांचा उगम तेलक्षेत्रांशी आणि तेलवाहू जहाजांशी ताडून पाहिला आहे.

एक टक्का म्हणजे किती?

प्रयोगशाळेचा आकडा हाती आल्यावरही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. समजा, एका प्रयोगशाळेने ०.९७ टक्के बेंझिन सांगितले आणि दुसरीने त्याच नमुन्यात १.०३. दोघीही प्रामाणिक असू शकतात. प्रत्येक पद्धतीला अपरिहार्य असा फरकाचा पल्ला असतो आणि तो मानकातच नमूद केलेला असतो. म्हणून शहाणा कारखाना मर्यादेला चिकटून माल काढत नाही. पुरेसे अंतर राखतो. रिफॉर्मरला जाणाऱ्या नॅप्थ्यातून बेंझिन निर्माण करणारा अंश आधीच काढणे, तयार झालेल्या बेंझिनला हायड्रोजन देऊन त्याचे रूपांतर करणे, किंवा द्रावकाने ते वेगळे करून रसायन उद्योगाला विकणे, असे मार्ग त्यासाठी आहेत. ही सारी खर्चाची कामे आहेत आणि ती करावयाची की नाही, हे प्रयोगशाळेचा आकडा ठरवितो.

आता हा एक टक्का माणसाच्या मापाने पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझिन म्हणजे १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. देशात २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकानुसार बाहेरील हवेत बेंझिनचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे. हिशेब केला तर एका लिटरमधील बेंझिन, सारेच हवेत गेल्यास, सुमारे साडेसतरा लाख घनमीटर स्वच्छ हवेला या मर्यादेपर्यंत आणण्यास पुरेसे आहे. अर्थात टाकीतील पेट्रोल बहुतांशी जळते, उडून जात नाही. पण टाकी भरताना जी वाफ बाहेर पडते ती प्रथम नळी हातात धरणाऱ्याच्या श्वासात जाते. मोठी विक्री असलेल्या शहरी पंपांवर बाष्प परत खेचणारी यंत्रणा बसविण्याचा आग्रह केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धरला आहे तो यामुळेच. मुंबईत माहुल-चेंबूर परिसरातील रहिवाशांनी तेलकंपन्या व साठवणटाक्यांतून येणाऱ्या अशाच बाष्पांविषयी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

गॅरेजमध्ये पेट्रोलने हात किंवा सुटे भाग धुणे, टाकीतील पेट्रोल नळीने तोंडाने ओढणे, या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या सवयी कोणत्याही मानकाच्या कक्षेत येत नाहीत. बेंझिन त्वचेतून आणि फुप्फुसातून, दोन्ही वाटांनी शरीरात जाते आणि अस्थिमज्जेवर आघात करते. पेट्रोल एक टक्क्याच्या नियमात अचूक बसत असले तरी या सवयींपुरते त्याचे संरक्षण शून्य असते.

शिसे दृष्टीआड झाले, तसे बेंझिन पूर्णपणे दृष्टीआड होणार नाही. खनिज तेलाच्या घडणीतच ते आहे. त्याला मर्यादेत ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे आणि मर्यादेचा अर्थ मोजमापावर अवलंबून आहे. घनता, ऑक्टेन, वास, रंग यांतले काहीच बेंझिनविषयी सांगत नाही. घटक सुटे करणारी नळी, त्यांना ओळखणारा प्रकाश आणि त्या दोहोंच्या मर्यादा जाणणारा तंत्रज्ञ, हे तिघे एकत्र आले की मगच ‘एक टक्का’ या शब्दांना वजन येते. पंपावरील कर्मचाऱ्याला त्या प्रयोगशाळेचे नावही ठाऊक नसेल. पण त्याच्या प्रत्येक श्वासाचा हिशेब तिच्या टेबलावर मांडला जात असतो. तो चोख असावा, यासाठी नमुने नियमित घेतले जावेत आणि त्यांचे निष्कर्ष लोकांना पाहता यावेत, एवढी अपेक्षा नागरिकांनी बाळगली तर ती मुळीच अवाजवी म्हणता येणार नाही.